गौरीहरापुढची शपथ

"माझ्या गळ्याला हात लाव," आई म्हणाली.

"आत्ता? अगं, हातात तांदूळ आहेत."

"मग डावा लाव."

मी गौरीहरापुढं पाटावर बसले होते. अंगावर पिवळी अष्टपुत्री, कपाळाला मुंडावळ्या, पुढ्यात चांदीची एवढीशी अन्नपूर्णा. नवरीनं चिमूट चिमूट तांदूळ देवीला वाहत मनातल्या मनात सौभाग्य मागायचं आणि मामा न्यायला येईपर्यंत पाटावरून उठायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तोवर कोणी बोलायलासुद्धा आत येत नाही. आई मात्र दार लोटून आत आली होती आणि माझ्यासमोर उकिडवी बसली होती.

मी डावा हात तिच्या गळ्याला लावला.

"म्हण, आजपासून पोरकटपणा बंद. हसणं-खिदळणं, पळापळ, पोरांत पोर होणं, सगळं या पाटावर सोडलं. सासरी बाईमाणसासारखी राहीन."

"एवढं सगळं एका शपथेत?"

"पमे!"

मी म्हटलं सगळं. काय करणार? आदल्या संध्याकाळी माझं चुकलंच होतं तसं. कऱ्हाडच्या बाहेरच्या त्या मंगल कार्यालयात सीमांतपूजन उरकलं, वऱ्हाडी चहा घेत बसले आणि दोन्हीकडची पोरं लपाछपी खेळायला लागली. मला राहवेना. पदर खोचला आणि शिरले त्यांच्यात. राज्य होतं माझ्या मामेभावावर, गोट्यावर. जिन्याखालच्या अंधारात कोणीतरी पाठमोरं उभं होतं. मी पाठीत एक सणसणीत ठेवून दिली आणि ओरडले, "धप्पा!"

त्या निघाल्या नवरदेवाच्या आत्याबाई.

"नवरी आहे का सर्कशीतली पोर?" सगळ्या वऱ्हाडासमोर त्या म्हणाल्या. आईनं त्यांची हात जोडून माफी मागितली. मला तिचा तो चेहरा बघवेना. दोन वर्षांपूर्वी माझं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं, त्याचं कारणही हेच. मुलाकडचे न कळवता आले आणि मी होते चिंचेच्या झाडावर. बावीस वर्षांची घोडी झाडावर, मग कोण करणार पोरगी? त्यानंतर आईनं कितीतरी उंबरे झिजवले, तेव्हा कुठं हे स्थळ आलं होतं. हेही हातचं गेलं असतं तर आई खचलीच असती, हे मलाही कळत होतं.

"कधी सोडवणार मग?" मी आपलं हसत विचारलं. लहानपणी आम्ही पोरी गळ्याचं कातडं चिमटीत धरून शपथ घ्यायचो. जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नसे. मोडली तर जिच्या गळ्याची घेतली ते माणूस मरतं, याबद्दल आमच्या आळीत कोणाला तिळमात्र शंका नव्हती.

"मी मेल्यावर," आई म्हणाली आणि दार ओढून बाहेर गेली.

मी तांदूळ वाहायला लागले. बाहेर सनई चालू होती. मुहूर्त दुपारचा, तासाभरावर आलेला. मला वाटतं मी निम्मीशी वाटीही संपवली नसेल, तेवढ्यात पहिली हाक ऐकू आली.

"रेवूऽ! ए रेवू! चल, परकर बदलायचाय."

रेवू म्हणजे माझ्या होणाऱ्या नणंदेची, शैलाताईंची मुलगी. पाच वर्षांची. नवरदेवामागं दिवा घेऊन उभी राहणारी करवली तीच. मी तिला आदल्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं होतं. हनुवटीवर तीळ, पुढचे दोन दात पडलेले.

"रेवू! लाडू देते, ये बघू."

मग, "रेवे, फटके खाशील हं!"

मग हाका दोघातिघांच्या झाल्या. मग पुरुषांच्या. जिन्यावर धावपळ सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, रस्त्याकडं बघितलं का, ट्रक कसले सुसाट जातात. मागच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "अरे, विहिरीला कठडा नाहीय, विहीर बघा आधी!" सनई मध्येच थांबली.

माझ्या हातातले तांदूळ हातातच राहिले. उठायचं नाही, उठायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते. दाराच्या फटीतून मला माझे वडील धोतराचा सोगा धरून विहिरीकडं पळताना दिसले. आयुष्यात त्यांना मी पळताना पाहिलं नव्हतं.

मी गोट्याला हाक मारली. तो दाराशी आला. तोंडाला जिलबीचा पाक.

"गोट्या, तुम्ही सकाळी काय खेळत होता?"

"लपाछपी."

"रेवू होती?"

"होती की. राज्य माझ्यावर होतं. मग पोरांची पंगत बसली, आम्हाला जेवायला हाक मारली. सगळी आली."

"आणि रेवू?"

तो तोंडाचा पाक पुसायला लागला.

"डाव संपला म्हणून ओरडलास का नाही तू?"

"ती कच्चं लिंबू आहे ना ताई, तिला कोण मोजतंय! पण ती म्हणत होती, आज मी पक्की आहे. नव्या मामीनं सांगितलंय."

नवी मामी म्हणजे मीच की!

आदल्या रात्री रेवू माझ्या मांडीवर येऊन रडली होती. मोठी पोरं तिला कच्चं लिंबू करतात, म्हणजे खेळात घेतात पण धरत नाहीत, सापडली तरी आउट नाही, लपली तरी शोधत नाहीत. ते दुःख मला माहीत होतं. मी तिला म्हणाले, "उद्यापासून तू पक्की. पण पक्क्यांचा नियम माहितीय ना? नावानं हाक मारली तरी यायचं नाही, ती युक्ती असते. खाऊ दाखवला तरी यायचं नाही. राज्यवाला 'हरलो' म्हणेल तेव्हाच बाहेर यायचं." तिनं मान डोलावली होती, अगदी गंभीरपणे.

आणि आता बाहेर शंभर माणसं तिला नावानं हाका मारत होती, खाऊ दाखवत होती.

मी पाटावरून उठले.

आई दारातच होती. तिनं माझं मनगट धरलं. "कुठं?"

"आई, ती हाकेला येणार नाही. तिला मीच सांगितलंय येऊ नकोस म्हणून. मला जाऊ दे."

"माणसं शोधताहेत ना? तू नवरी आहेस. गौरीहरावरून उठलीस तर ती आत्याबाई काय म्हणेल माहितीय? आधीच तिला निमित्त हवंय. बस खाली."

"तिला काही झालं तर?"

"पमे, आत्ता शपथ घेतलीस. माझ्या गळ्याची."

"मग सुटली म्हण!"

"नाही म्हणणार."

चोवीस वर्षांची, बी. एस्सी. झालेली मी. खरं सांगते, मला भीती वाटली. आईचा गळा माझ्या समोर होता, त्यावरची शीर उडत होती, आणि मला वाटलं, मी या उंबऱ्याबाहेर पाय टाकला की ही इथंच कोसळणार. हसाल तुम्ही. मला त्या क्षणी रडू फुटलं. पण मी मनगट सोडवून घेतलं आणि उंबरा ओलांडला. मागं वळून बघायची छाती झाली नाही.

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आत्याबाई खुर्चीवरून उठल्या. "ही कुठं निघाली? अगं बाई, गौरीहर सोडून? अपशकुन कसला करतेस!"

शैलाताई माझ्यापुढं आल्या. केस सुटलेले, डोळे लाल. "लपायला तूच शिकवलंस ना तिला? काल रात्री झोपेपर्यंत तेच बडबडत होती. माझी पोरगी दे मला. लग्न गेलं खड्ड्यात!"

मी हॉलच्या मधोमध उभी राहून जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले, "रेवू! मी हरले! राज्य माझ्यावर! ये बाहेर!"

सगळे कान देऊन उभे राहिले.

काही नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

तेव्हा मी खरी घाबरले. इतका वेळ माझी समजूत होती की पोर ऐकतेय आणि हट्टानं गप्प आहे. 'हरले' ऐकून पक्का खेळाडू कसा बाहेर येणार नाही? येणारच. म्हणजे तिला ऐकू येत नव्हतं, किंवा येता येत नव्हतं.

"सगळ्या खोल्या बघितल्या?" मी विचारलं.

"सगळ्या. दोनदोनदा," मामा म्हणाला. "गच्ची, न्हाणीघर, मोटारी, सगळं. फक्त गाद्यांची खोली राहिली, पण तिला सकाळपासून कुलूप आहे. जानोशाच्या, वरपक्ष उतरला होता तिथल्या गाद्या गोळा करून तिच्यात टाकल्या आणि मॅनेजर किल्ली घेऊन बर्फ आणायला गेला. कुलपाच्या आत पोर कशी जाईल?"

बरोबर होतं त्याचं. मोठ्या माणसाला दार म्हणजे दार. मी मात्र कासोटा घट्ट केला आणि सरळ फरशीवर हातपाय टेकले. रांगायला लागले. मुंडावळ्या नाकावर लोंबत होत्या, हातातला हिरवा चुडा फरशीवर खडखड वाजत होता. मागून आत्याबाई म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या," आणि कोणीतरी चुकचुकलं. आई कुठं होती मला माहीत नाही.

खाली गेल्यावर कार्यालय निराळंच दिसायला लागतं. टेबलं म्हणजे घरं होतात, खुर्च्यांचे पाय म्हणजे जंगल. मी रांगत रांगत पंगतीच्या हॉलमध्ये गेले. इथं मी लपले असते का? इथं नको, चादर आखूड आहे, पाय दिसतील. इथं नको, गोट्या पहिल्यांदा इथंच बघेल. आणि मग भिंतीशी रचलेल्या लोखंडी खुर्च्यांच्या मागं मला ते दिसलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीत एक चौकोनी भोक, त्याला लाकडी झडप. पलीकडची खोली पूर्वी भांड्यांची असणार, उष्टी ताटं तिथून पलीकडं सरकवत असणार. उभ्या माणसाला ते खुर्च्यांआड दिसतही नव्हतं. झडप अर्धवट उघडी होती.

"इथं!" मी ओरडले. "गाद्यांच्या खोलीत आहे ती! कुलूप तोडा!"

पुरुष दाराकडं धावले. मी खुर्च्या ढकलल्या आणि भोकात डोकं घातलं. आत अंधार, गरम वाफ, जुन्या कापसाचा वास. गाद्या पार छताला भिडलेल्या. पलीकडून, दारातून भिरकावलेल्या, एकावर एक कशाही कोसळलेल्या. पोर आधी आत येऊन भिंतीशी बसली असणार आणि नंतर माणसांनी अंधारातच गाद्या फेकल्या असणार. तिनं तेव्हाही आवाज केला नसणार. नियम होता ना!

"रेवू!"

खांदे अडकले. मी श्वास सोडला, अंग चोरलं, पोलक्याची बाही टर्रकन फाटली आणि कमरेपर्यंत आत गेले. हात लांब करून गाद्यांच्या खाली चाचपायला लागले. कापूस, कापूस, सुतळी, मग एक पैंजण.

पाऊल घामानं ओलं होतं. मी ते हलवलं. ते हललं नाही.

"दार उघडा!" मी किंचाळले. "लवकर उघडा, सापडलीय, हलत नाहीये!"

दारावर घणासारखे घाव पडायला लागले. बाहेरून मला गुरुजींचा आवाज आला, "अहो, मुहूर्त टळतोय, नवरदेवानं पहार काय उचलायची? मुंडावळ्या आहेत कपाळाला..." आणि त्यावर ज्यांच्याशी मी सबंध आयुष्यात जेमतेम तीन वाक्यं बोलले होते त्या माणसाचा आवाज आला, धापा टाकत, "टाइम प्लीज, गुरुजी!"

मी एका हातानं पाऊल धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं गादी वर रेटत होते. थोडी फट झाली. तेवढ्या फटीतून मी बोलत राहिले, काय वाट्टेल ते. "रेवू, मी हरले गं. गोट्या पण हरला. सगळे हरले. तू जिंकलीस. आता ये ना बाहेर. रेवू, ऐकतेस ना?" माझ्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून थेंबाथेंबानं गादीवर पडत होतं. अन्नपूर्णेला मी सौभाग्य मागायचं विसरून गेले होते. मी एवढंच म्हणत होते की या पायानं हलावं.

दार मोडलं. उजेड आला. गाद्या भराभर बाहेर जायला लागल्या आणि विश्वासरावांनी, म्हणजे नवरदेवांनी, तिला काखेत धरून वर ओढलं. ओठ निळे पडलेले, केस कपाळाला चिकटलेले. शैलाताईंनी मोठ्यानं हंबरडा फोडला. कोणीतरी पाणी मारलं, कोणीतरी पाठ चोळली. मी भोकात अडकलेलीच होते, तिथून बघत होते.

मग ती खोकली. पुन्हा खोकली. डोळे उघडून तिनं सगळ्यांकडं पाहिलं आणि भिंतीतून बाहेर आलेलं माझं डोकं दिसल्यावर तिकडंच बघत राहिली.

"मामी," ती म्हणाली, "मी कितवी आउट?"

"आउट नाहीसच," मी म्हणाले. "पक्की आहेस तू. एकदम पक्की."

तिच्या मामानं माझ्याकडं पाहिलं. अंतरपाट दूर होईपर्यंत नवरा-नवरीनं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, आणि आम्ही असे समोरासमोर, तो मोडक्या दारात पहार घेऊन आणि मी भिंतीच्या भोकात, केसांत कापूस. तो हसला नाही. पहार खाली ठेवली, पुढं आला आणि माझे दोन्ही हात धरून मला आत ओढून घेतलं. आत्याबाई दाराशी आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फाटक्या बाहीकडं पाहिलं आणि आपल्या अंगावरची शाल काढून मुकाट्यानं माझ्या खांद्यावर टाकली.

मुहूर्त गेलाच होता. गुरुजींनी पंचांग चाळून गोरजाचा काढला आणि डॉक्टरांनी येऊन रेवूला तपासून ती ठीक असल्याचं सांगितलं. मी पुन्हा गौरीहरापाशी आले, ते आधी आईला शोधायला. ती त्याच खोलीत होती, भिंतीला टेकून, गळ्यावर हात ठेवून.

"आई, बरी आहेस ना तू?"

"मला काय धाड भरलीय?"

"शपथ मोडली माझ्याकडून."

तिनं मला पाटावर बसवलं, माझ्यामागं येऊन बसली आणि माझ्या केसांतला कापूस वेचायला लागली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"मला तेराव्या वर्षी असं बसवलं होतं," ती म्हणाली. "ओटीत माझे सागरगोटे होते. पाच. एवढे गुळगुळीत. माझ्या आईनं ते ओटीतून काढून घेतले आणि तिच्या गळ्याला हात लावायला लावला. आता खेळ नाही म्हणाली." तिनं कापसाचा एक पुंजका काढून खाली टाकला. "पुढच्याच वर्षी पटकीत गेली ती. सुटली म्हणायचं राहूनच गेलं तिचं."

मी वळले. आईला मी कधी खेळताना पाहिलं नव्हतं. पत्ते नाहीत, फुगडी नाही, मंगळागौरीतसुद्धा ती कडेला बसून ताटं पुसायची. मला आपलं वाटायचं, तिला आवडतच नसेल.

आईनं आपल्या गळ्याचं कातडं दोन बोटांच्या चिमटीत धरलं, अगदी आमच्या आळीतल्या पोरी धरायच्या तसं, आणि म्हणाली, "सुटली."

मी हात पुढं केला आणि तीच चिमूट धरली. "तुझीही सुटली."

"असं चालतं? जिनं घातली तिनंच म्हणायचं असतं ना?"

"चालतं," मी म्हणाले. "मी सांगते ना."

तिनं माझ्या मुंडावळ्या पुन्हा बांधल्या, गाठ पक्की केली, आणि तेवढ्यात मामा न्यायला आला.

लग्न लागलं. रेवू शाल पांघरून दिवा घेऊन उभी राहिली, एकदाही खाली बसली नाही. जेवणं झाली, चांगली रात्र झाली, मोटार दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. पाठवणीची वेळ झाली आणि आई कुठं दिसेना. मामा हाका मारून दमला, वडील वैतागले. आत्याबाई म्हणाल्या, "आता ही बाई कुठं हरवली?"

मला ठाऊक होतं कुठं बघायचं. मी जिन्याखाली वाकून पाहिलं. आई तिथं मांडी घालून बसली होती, समोर रेवू, मध्ये अंगणातून वेचलेले पाच खडे. आईनं एक खडा वर उडवला, चार एका मुठीत गोळा केले आणि वरचा अलगद झेलला. जमिनीवरून तिची नजर हलली नाही.

"आई, निघाले मी," मी म्हणाले.

"थांब गं जरा," आई म्हणाली. "माझा डाव चाललाय."